पाचामुखी पंच

दारू या विषयावर लिहिण्याचा मला काडीइतकाही अधिकार नाही, हे आधीच सांगून मोकळा होतो. आमच्या घरात दारू शिरली ती फक्त खोकल्याच्या औषधातून. आणि तीही वडील चमच्यानं मोजून पाजत आणि बाटली कुलपात ठेवत. मी स्वतः शहाद्याच्या एका शाळेत पस्तीस वर्षं इतिहास शिकवला. इतिहासात झाडून सगळे पितात. जहांगीर बादशहानं तर आपण दिवसाला किती पेले घेत होतो ते स्वतःच लिहून ठेवलंय. पण शिकवणाऱ्यानं मात्र फळ्यावर सनावळी लिहायची आणि घरी जाऊन ताक प्यायचं, अशी आमची परंपरा.

असा मी, गेल्या शिमग्याला कॉकटेल करायला निघालो. दोष भाच्याचा.

भाचा पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. होळीच्या चार दिवस आधी आला आणि आल्या आल्या बॅगेतून एक चकचकीत स्टीलचा उंच डबा काढून टेबलावर ठेवला. सौ.नं तो उचलून पाहिला, झाकण लावून पाहिलं, कानाशी धरून हलवून पाहिला.

"मामी, हा शेकर. कॉकटेल करायचा."

"असं होय? ताक घुसळायला बरा आहे," सौ. म्हणाली आणि डबा फडताळात ताकाच्या रवीशेजारी ठेवला.

रात्री जेवणानंतर भाच्यानं माझी शाळा घेतली. कॉकटेल म्हणजे नुसती दारू नव्हे, ती एक संस्कृती आहे, तिच्यात अभिजात असे प्रकार आहेत, वगैरे. अभिजात हा शब्द मी आतापर्यंत संस्कृत नाटकांसाठी राखून ठेवला होता. तरी इतिहासाच्या मास्तराची खोड जात नाही. मी विचारलं, "यातलं सगळ्यात जुनं कोणतं?"

"पंच," तो म्हणाला.

"म्हणजे गुद्दा?"

"नाही मामा. पंच म्हणजे पाच. आपलाच शब्द आहे तो."

इथं मी खुर्चीत सरळ बसलो. दुसऱ्या दिवसापासून मी वाचनाला लागलो, आणि जसजसा वाचत गेलो तसतशी माझी छाती फुगत गेली. हकिकत अशी, की सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीची गलबतं विलायतेहून निघत तेव्हा पिंपांतून बिअर आणि वाइन भरून घेत. उन्हातान्हाचा तो लांबचा प्रवास. हिंदुस्थानचा किनारा दिसेपर्यंत ती एकतर संपे, नाहीतर नासे. किनाऱ्याला लागलेल्या तहानलेल्या खलाशाला इथे काय मिळणार? इथला अरक. तो नुसता घशाखाली उतरेना, म्हणून त्यात साखर घातली, लिंबू पिळलं, पाणी ओतलं आणि वरून मसाला टाकला. जिन्नस झाले पाच, म्हणून नाव पंच. कंपनीच्या एका नोकरानं २८ सप्टेंबर १६३२ ला लिहिलेल्या पत्रात हा शब्द पहिल्यांदा सापडतो. आणि 'कॉकटेल' म्हणजे काय, हे अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रानं छापून सांगितलं ते १८०६ साली. म्हणजे आपला पंच कॉकटेलच्या ह्या व्याख्येहून पावणेदोनशे वर्षांनी थोरला! शून्य आपण जगाला दिलं असं सगळेच अभिमानानं सांगतात. अहो, पाचही आपणच दिला. आणि पेल्यातून दिला म्हणून तो जास्त खपला.

काही विद्वान मंडळी म्हणतात की 'पंच' हे नाव पाचावरून नाही, 'पंचन' नावाच्या पिंपावरून पडलं. असतीलही. पण मी साक्षीला डॉक्टर जॉन फ्रायर यांना उभं करतो. हे गृहस्थ १६७० च्या दशकात कंपनीचे डॉक्टर म्हणून आपल्याकडे हिंडले. त्यांचं पुस्तक १६९८ साली छापलं गेलं. रायगडच्या राज्याभिषेकाची हकिकत ज्या पुस्तकात आहे, त्याच पुस्तकात त्यांनी स्वच्छ लिहिलंय की नेरूळला उत्तम अरक होतो (हे नव्या मुंबईतलं नेरूळ नव्हे, गोव्यातलं), त्याचं इंग्रज लोक पंच करतात, आणि पंच म्हणजे हिंदुस्थानी भाषेत पाच. राज्याभिषेकाबाबत ज्यांची साक्ष चालते, त्यांची पाचाबाबत का चालू नये?

पण माझा जीव खरा जडला तो सुरतेच्या साक्षीवर. सुरत आम्हाला परकी नाही. सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा जुना रस्ता आमच्या नंदुरबारवरून जायचा; १६१५ साली टॉमस रो नावाचा इंग्रज वकील जहांगीरच्या भेटीला निघाला तो ह्याच रस्त्यानं गेला. शहाद्याला आजही रेल्वे नाही, पण विलायत आमच्या शेजारून बैलगाडीनं जाऊन आलेली आहे. तर ह्या सुरतेत १६३८ साली मॅन्डेल्स्लो नावाचा एक जर्मन तरुण इंग्रजांच्या वखारीत पाहुणा राहिला होता. तो लिहितो, की दर शुक्रवारी प्रार्थना उरकली की वखारीचे मुख्य साहेब आणि त्यांचे तीन व्यापारी नातलग एकत्र बसत. चौघांच्याही बायका विलायतेत राहिलेल्या. घर सोडलं तो वार शुक्रवार, म्हणून त्या दिवशी बायकांची आठवण काढायची आणि त्यांच्या प्रकृतीला आराम पडावा म्हणून प्यायचं. कुणी वाइन घ्यावी, कुणी 'पालेपुंत्झ' घ्यावं. हे पालेपुंत्झ म्हणजे आपलं पंचच. दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. काहीजण त्या दिवशी पेलवेल त्यापेक्षा जास्तच घेत, असंही त्यानं मोकळेपणानं नोंदवलंय.

हे मी सौ.ला वाचून दाखवलं. "बघ, किती प्रेम! दर शुक्रवारी!"

"प्रकृती बायकांची आणि औषध नवऱ्यांना," एवढंच म्हणून ती पुरणाची डाळ निवडायला लागली.

पुढे पंच विलायतेला गेलं आणि तिथे त्याचं फार कोडकौतुक झालं. चिनी मातीचं मोठं घंगाळ टेबलाच्या मधोमध, भोवती मंडळी, आणि एकानं पळीनं सगळ्यांना वाढायचं. डिकन्सचा मिकॉबर आठवतो का? कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला तो गृहस्थ लिंबू सोलून पंच करायला बसला की सगळी कर्जं विसरे. अमेरिकेत १८६२ साली जेरी टॉमसनं पेयांचं पुस्तक काढलं, त्यात पंचाचेच प्रकार ढिगानं. मग हळूहळू लोकांना घंगाळाभोवती बसायला सवड उरली नाही. जो तो आपला एकेक पेला घेऊन उभ्यानं पिऊ लागला, आणि पंचाची जागा कॉकटेलनं घेतली. एकत्र कुटुंब मोडून ब्लॉक संस्कृती आली, तशातलाच प्रकार.

"मग ठरलं," मी भाच्याला म्हटलं. "करायचं तर पंच. आणि जिन्नस पाचही शहाद्याचे!"

प्रमाण सोपं होतं. आंबट एक वाटी, गोड दोन, कडक तीन, पाणी चार; आणि वर मसाल्याची चिमूट. साखरेची चिंता नव्हती. आमचा तालुका उसाचा, सहकारी कारखाना पुरुषोत्तमनगरला. शहादेकराला साखर कमी पडली तर कोकणात नारळ संपले म्हणायचे. लिंबं मार्चात महाग झाली होती, तर सौ.नं अक्राणीचं आमचूर पुढे केलं. ते मी ऐतिहासिक कारणास्तव नाकारलं आणि चार लिंबं आणली. पाण्याबाबत भाच्याचे आणि माझे मतभेद झाले. मला प्रकाशाच्या संगमावरचं तापीचं पाणी हवं होतं, कारण प्रकाशा म्हणजे दक्षिण काशी. भाचा म्हणाला, मामा, तीर्थ आणि कॉकटेल एका पेल्यात नको. उनपदेवच्या गरम झऱ्याचं पाणी आणावं तर बर्फ दुप्पट लागणार. शेवटी नळाचं पाणी उकळून घेतलं. मसाल्याला जायफळ, ते पुरणपोळीसाठी घरात होतंच. घंगाळ म्हणून पुरणाचं पातेलं. सौ.नं ते देताना "सोवळ्यातलं आहे" असं सांगितलं, पण दिलं.

राहिला पाचवा जिन्नस.

भाचा म्हणाला, दुकानातून पांढरी रम आणतो. मी म्हटलं, छे! इंग्रजांनी ज्या गावात जी मिळाली ती घातली. मग शहाद्यात कोणती? मोहाची! सातपुड्यात होळीच्या सुमाराला मोह फुलतो. पहाटे झाडाखाली मोत्यांसारखी रसाळ फुलं पडतात, बायका-पोरं टोपल्या घेऊन ती वेचतात आणि उन्हात मनुकांसारखी वाळवतात. फुलात साखर इतकी की अस्वलंसुद्धा त्याच्यासाठी डोंगर उतरतात. त्याच फुलांची ती दारू. पहिल्या धारेची म्हणजे काय ते मला ऐकूनच माहीत. पण ऐकणं पुष्कळ झालं होतं.

अर्थात आपल्याकडे १९४९ चा दारूबंदीचा कायदा आहे. प्यायची तर परवाना लागतो, आणि हातभट्टीच्या वाटेला तर जायचंच नाही. पंच करायला जावं आणि पंचनामा होऊन बसावा! त्या पंचनाम्यालाही पुन्हा पंच लागतात, म्हणजे शेजारच्या नानांना सही करायला बोलवावं लागणार. पण इतिहासाची नशा चढली होती, आणि ती बिनपरवान्याची असते.

नानांना मी आमंत्रणही देऊन ठेवलं होतं. नाना बँकेतून निवृत्त झालेले, शाळेपासूनचा माझा मित्र. हल्ली तो कुणाच्या लग्नात जेवायला थांबत नाही; दाराशी आहेर देतो आणि परततो. बेत ऐकून तो घटकाभर गप्प राहिला. मग म्हणाला, "कधी करतोयस? परवा? परवा मी धुळ्याला चाललोय." मला जरा रागच आला. धुळं काय पळून चाललंय?

आमच्याकडे आठवड्यातून दोनदा डोंगराच्या पायथ्याच्या गावाहून एक भिल्ल बाई भाजी आणि पपया घेऊन येतात. आम्ही त्यांना ताई म्हणतो. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान असतील. पंधरा-वीस वर्षांचा रतीब. त्या दिवशी सौ. आत गेल्याचं पाहून मी आवाज खाली आणला.

"ताई, एक काम होतं. तुमच्याकडे... म्हणजे गावाकडे... मोहाची मिळेल का? थोडीच. बाटलीभर."

ताईंनी तराजू खाली ठेवला. "कशाला पाहिजे सर? तुम्ही तर घेत नाही."

मग मी त्यांना सगळा इतिहास सांगितला. शिकवायची सवय, दुसरं काय? गलबतं सांगितली, सुरत सांगितली, ते शुक्रवारी बसणारे चार साहेब सांगितले. ताई मन लावून ऐकत होत्या. पस्तीस वर्षांत इतका चांगला विद्यार्थी मला मिळाला नव्हता. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं,

"बायकांच्या नावानं प्यायचे?"

"हो."

"अन् बायका कुठे होत्या?"

"विलायतेत. सहा महिन्यांच्या वाटेवर."

"म्हणून नाव घ्यायचे," ताई म्हणाल्या. "जवळ असत्या तर मडकं फोडलं असतं."

त्या हसल्या. मीही हसलो. मग त्या भाजी मोजता मोजता, आपण बाजारभाव सांगतो तशा सुरात सांगू लागल्या. त्या दहा वर्षांच्या होत्या तेव्हा त्यांची आई इतर बायकांबरोबर निघाली होती. गावोगाव. भट्टी दिसली की मडकी फोडायची. ताई आईच्या लुगड्याचा पदर धरून मागे. "माय फोडायची अन् रडायची. वास इतका, की मला वाटायचं सगळं गाव ओलं झालं. आमच्या घरचं मडकंपण तिनंच फोडलं. बापाला मारायला दुसऱ्या दिवशी उठता आलं नाही, कारण बाहेर चाळीस बाया बसल्या होत्या."

माझ्या डोक्यात सन आपोआप उमटला: १९७२-७३. श्रमिक संघटना, अंबरसिंग सुरतवंती, जमिनीचा आणि मजुरीचा लढा, आणि त्यातूनच भिल्ल बायकांनी उचललेला दारूचा प्रश्न. 'शहादा चळवळ' ह्या नावानं परदेशातल्या अभ्यासकांनी तिच्यावर लेख लिहिले. त्याच्याही आधी, १९३० च्या दशकात, तळोद्याकडचे गुलाम महाराज आरतीला जमलेल्या लोकांना दारू सोडा म्हणून सांगत. हे सगळं मला पाठ होतं. ती चळवळ चालू होती तेव्हा मी ह्याच गावात अकरावीच्या परीक्षेचा अभ्यास करत होतो. आमच्या गल्लीत त्याबद्दल बोलणं व्हायचं ते एवढंच, की आज 'त्यांचा' मोर्चा आहे, बाजारात जाऊ नका. सुरतेच्या चार साहेबांचा शुक्रवार मी शोधून काढला. आणि वीस वर्षं दारात भाजी मोजणाऱ्या बाईंना एक प्रश्न विचारला नाही. विचारला तो हा, की बाटली मिळेल का! आणि तोही शहाद्यातल्या इतक्या माणसांतून नेमका त्यांनाच का विचारला, याचं उत्तर मला माहीत होतं. ते काही चांगलं नव्हतं.

"चुकलंच माझं, ताई," मी म्हटलं.

"राहू द्या सर. परवा येते, फुलं आणते. त्याचंच करा."

"फुलांचं?"

"फुलात दारू नसते सर. ठेवून ठेवून होते."

ठरल्याप्रमाणे होळीच्या आदल्या दिवशी ताई आल्या. पदराच्या गाठीतून वाळलेली मोहाची फुलं काढली, सौ.ला म्हणाल्या, चार तास भिजवा, मग उकळून गाळा. रात्रभर विसरलात तर जबाबदारी तुमची. आम्ही त्याचे लाडू करतो, भाकरीतही घालतो. फुलं भिजली, उकळली, गाळली. पाणी तांबूस झालं आणि स्वयंपाकघरात गुळासारखा, पण गुळापेक्षा जरा रानटी असा वास सुटला. साखर निम्मी लागली. लिंबू पिळलं, पाणी ओतलं, बर्फ टाकला, वरून जायफळ किसलं. मोजून पाच. भाचा पळी हातात घेऊन दुःखी चेहऱ्यानं म्हणाला, "मामा, हे मॉकटेल झालं."

"मॉकटेल तुमच्या पुण्यात," मी म्हटलं. "इथे पाच जिन्नस आहेत. पाचामुखी परमेश्वर!"

एवढ्यात सौ. खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली, "अहो, नानाभाऊजी धुळ्याला गेले नाहीत वाटतं. ओट्यावर बसलेत." आणि मी काही बोलायच्या आत तिनं हाक मारली, "भाऊजी, या! मोहाच्या फुलांचं सरबत आहे! त्यात काऽऽही नाही!"

ते शेवटचं 'काही नाही' तिनं इतकं लांबवलं, की मला धुळ्याचा अर्थ तेव्हा कुठे लागला. नाना बँकेत असताना जी घेत होता, ती सोडून त्याला अकरा वर्षं झाली होती. सोडली हे मला माहीत होतं. पण सोडलेल्या माणसाला रोज सोडावी लागते, आणि त्यासाठी लग्नाच्या पंगतीपासून मित्राच्या घरापर्यंत सगळं टाळावं लागतं, हे इतिहासाच्या पुस्तकात नव्हतं.

नाना आला. पातेल्याकडे संशयानं पाहिलं. सौ.नं आधी स्वतःचा पेला भरून पिऊन दाखवला, तेव्हा त्यानं हात पुढे केला. ताई दारात पायरीवर बसू पाहत होत्या; सौ.नं त्यांना आत खुर्चीवर बसवलं. मार्चातली दुपार, चार वाजलेले, पंखा गरगरतोय, मधे पुरणाचं पातेलं आणि भोवती आम्ही पाच जण. भाचा पळीनं वाढत होता आणि आता हळूहळू खुलत होता. सुरतेच्या साहेबांनी बायकांच्या प्रकृतीसाठी पेला उचलला, तसा आपण कुणासाठी उचलायचा, असं त्यानं विचारलं. मी ताईंकडे पाहिलं.

"तुमच्या आईसाठी," मी म्हटलं.

ताईंनी पेल्यात बोट बुडवून दोन थेंब जमिनीवर शिंपडले आणि मग तोंडाला लावला. "लिंबू जास्त झालं," त्या म्हणाल्या.

नानानं पेला संपवला. मग थोडा वेळ तो नुसता हातात फिरवत बसला. मग भाच्यापुढे धरून म्हणाला, "अजून घाल रे." आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाला, "अकरा वर्षांनी दुसरा पेला मागितला. आणि कुणी माझ्याकडे टकामका बघितलं नाही."

आम्ही सगळ्यांनी ताबडतोब पंख्याकडे बघितलं.

पातेलं तळाशी लागलं तेव्हा साडेपाच झाले होते. ताई पैसे न घेता निघाल्या, सौ.नं त्यांच्या टोपलीत पुरणाची डाळ आणि गूळ घातला. नाना जाताना विचारून गेला, की पुन्हा कधी करणार. भाच्यानं कृती फोनमध्ये टिपून घेतली. पुण्याच्या मित्रांना हे 'सातपुडा पंच' म्हणून पाजणार म्हणाला. मी विजयी मुद्रेनं सौ.ला म्हटलं, "पाहिलंस? साखर, लिंबू, पाणी, मसाला, मोह. पाचच जिन्नस, पण जगात तोड नाही."

"सहा," सौ. म्हणाली.

"सहावा कुठला?"

तिनं पुरणाचं पातेलं, पाच पेले, गाळणं, किसणी, पळी आणि तो पुण्याचा शेकर माझ्या हातात ठेवला.

"मोरीत राख आहे," ती म्हणाली. "आणि पातेलं सोवळ्यातलं आहे, नीट घासा."

सुरतेच्या त्या चार साहेबांच्या बायका विलायतेत होत्या. भांडी कुणी घासली, ते मॅन्डेल्स्लोनं लिहिलेलं नाही.